मॉलचे मागचे दार

मुंबईत लालबहादूर शास्त्री मार्गाला लागून असलेल्या, आमच्या वसाहतीजवळच्या एका बंद कारखान्याच्या आवारात मॉल उभा राहणार अशी वार्ता पसरली आणि दोन आठवड्यांच्या आत शेजाऱ्यापाजाऱ्यांत उभे दोन तट पडले. एका तटाच्या मते मॉल आला की भागाचे भाव वधारतील, पोरांना नोकऱ्या लागतील आणि महापालिकेच्या तिजोरीत भर पडेल. दुसऱ्या तटाच्या मते स्टेशनाबाहेरचा बाजार मरेल, कोपऱ्यावरचा वाणी उठेल आणि इथला पैसा परक्यांच्या खिशात जाईल. सोसायटीच्या सभेत यावर दोन तास कडाक्याचा वाद झाला. पण दोन्ही बाजू मॉलकडे एक मोठे दुकान म्हणूनच पाहत होत्या, आणि या वादातली मूळ चूक मला तीच वाटते. मुंबईपुरते बोलायचे तर मॉल हा आधी जमिनीचा आणि भाड्याचा व्यवहार आहे. दुकानदारी त्यानंतर येते. ती जमीन पूर्वी कशासाठी राखलेली होती, तिचा वापर कोणत्या अटींवर बदलला, दरमहा जमणारे भाडे कोणाकडे जाते आणि धंदा बसला तर ती प्रचंड वास्तू कोणाच्या गळ्यात पडते, हे प्रश्न सोडून शर्ट कुठे स्वस्त मिळतो यावर भांडत बसणे म्हणजे घर विकत घेताना पडद्यांचा रंग पाहण्यासारखे आहे.

बाजार मरेल ही भीती प्रथम घेऊ, कारण ती बरीचशी उसनी आहे. बंदिस्त, वातानुकूलित मॉलचा आद्य नमुना अमेरिकेत मिनियापोलिस शहराजवळ, एडिना येथे 1956 साली उघडला. त्याचे शिल्पकार व्हिक्टर ग्रुएन मूळचे व्हिएन्नाचे, आणि मोटारींनी विस्कटून टाकलेल्या उपनगरांना व्हिएन्नासारखा चालता येण्याजोगा मध्यभाग द्यावा, भोवती घरे, शाळा, दवाखाने असावेत, असे त्यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात त्यांच्या नकाशातून मॉल आणि वाहनतळ एवढेच शिल्लक राहिले, महामार्गांनी गिऱ्हाइकाला गावाबाहेर ओढून नेले, गावोगावच्या जुन्या पेठा ओस पडल्या, आणि उतारवयात ग्रुएन यांनी आपल्याच अपत्याशी नाते तोडले. पण मुंबईची पेठ महामार्गावर कधी वसली होती? ती वसली लोकलच्या फलाटाच्या तोंडाशी. दादरला उतरून छबिलदासच्या गल्लीतून किंवा रानडे रोडवरून घरी जाणारी बाई भाजी, पिना, पूजेची फुले आणि पोराची वही घेते ती मुद्दाम बाजारात जाऊन नव्हे, तर वाटेवरच. तिला वाट वाकडी करायला लावणे मॉलला जमलेले नाही, आणि म्हणूनच मुंबईत मॉल येऊन पंचवीस वर्षे उलटल्यावरही दादरला सणासुदीच्या संध्याकाळी खांद्याला खांदा लावल्याशिवाय चालता येत नाही. वाण्याला धक्का दिला असेल तर तो 2002 साली पवईत पहिले दुकान उघडणाऱ्या डी-मार्टने, आणि आता दहा मिनिटांत कोथिंबिरीची जुडी दारात आणून देणाऱ्या मोबाइलवरच्या दुकानांनी. त्यांच्याविरुद्ध आमच्या सभेत कोणी चकार शब्द काढला नाही, कारण बहुतेकांच्या घरी त्यांच्याच पिशव्या पडलेल्या असतात.

'इथला पैसा बाहेर जाईल' हा आक्षेप अधिक भारदस्त वाटतो, पण तोही या शहराला फारसा लागू पडत नाही. लहान गावात दुकानदार, त्याचे गिऱ्हाईक आणि त्याचा पुरवठादार एकाच पंचक्रोशीत राहतात, तेव्हा तिथे हा हिशेब खरा ठरतो. मुंबई मात्र जन्मापासून पैसा बाहेर पाठवूनच जगलेले शहर आहे. गिरणगावातल्या खोलीत पाळ्या लावून झोपणारा कामगार महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर करी ती रत्नागिरीला, साताऱ्याला. त्याला धान्य विकणारा वाणी कच्छात घर बांधी. त्या वाण्याचा माल मशीद बंदरच्या घाऊक बाजारातून येई आणि तिथे देशभरातून. मग आज कोपऱ्यावरच्या दुकानातला नफा याच वॉर्डात खर्च होतो असे कोणत्या आधारावर म्हणायचे? मुंबईच्या संदर्भात रुपया कोठे जातो यापेक्षा जाताना मागे काय ठेवून जातो, हे पाहणे जास्त उपयोगाचे आहे. गिरण्यांच्या रुपयाने मागे चाळी ठेवल्या, गणेशोत्सव मंडळे, कामगार संघटना, व्यायामशाळा, खानावळी ठेवल्या. मॉलचा रुपया मागे काय ठेवतो, याकडे मी पुढे येणारच आहे.

त्याआधी मॉलच्या बाजूने करता येण्याजोगा, पण आमच्या सभेत कोणीही न केलेला सर्वांत बळकट युक्तिवाद मांडायला हवा. ज्याला आपण गरीब बिचारा छोटा दुकानदार म्हणतो, त्याच्या गाळ्याचे भाडे जुन्या मुंबईत अनेकदा 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याच्या काळात गोठलेले असते. एकरकमी पागडी देऊन घेतलेल्या त्या गाळ्याचे मासिक भाडे कित्येकदा त्याच्या एका दिवसाच्या चहापाण्याच्या खर्चाइतके असते, आणि त्या फरकाचा बोजा वाहते ती गळणारी, टेकू लावलेली इमारत. 1999 च्या नव्या कायद्याने बँका आणि एक कोटी रुपये किंवा अधिक भरणा भांडवल असलेल्या कंपन्या या संरक्षणातून वगळल्या. छोट्या दुकानदाराचे संरक्षण कायम राहिले. ते राहावे असेच माझेही मत आहे. पण मग 'मॉलशी स्पर्धा विषम आहे' ही तक्रार करताना तराजूच्या दुसऱ्या पारड्यातले हे वजन लपवू नये. कामगारांच्या बाबतीतही तेच. राज्याचा 2017 चा दुकाने आणि आस्थापना कायदा सुरुवातीला दहा किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणांना लागू होता, आणि 2025 साली ही मर्यादा वीसवर नेण्यात आली. म्हणजे दुकानातच पथारी पसरून झोपणारा, सकाळी सातला फळी उघडणारा आणि रात्री अकराला ती लावणारा पोऱ्या त्या कायद्याच्या कक्षेतच येत नाही. मॉलमधल्या मुलीला निदान पगाराची चिठ्ठी मिळते.

दुसरा मुद्दाही विनातक्रार मान्य करतो. या शहरात बाईमाणसाला काही विकत न घेता दोन तास सुरक्षित बसता येईल, स्वच्छ स्वच्छतागृह वापरता येईल आणि कोणी टक लावून पाहणार नाही, अशा जागा किती आहेत? माझ्या मावशीला गुडघ्यांच्या दुखण्यामुळे डॉक्टरांनी सपाट जमिनीवर चालायला सांगितले. आमच्या भागातला पदपथ खड्डे, पेव्हर ब्लॉक आणि दुचाकी यांनी भरलेला. ती दोन वर्षे रोज दुपारी जवळच्या एका मॉलमध्ये जाऊन दुसऱ्या मजल्यावर पाच फेऱ्या मारत असे, आणि तिने तिथे चहाव्यतिरिक्त काही घेतल्याचे मला आठवत नाही. मॉलला चंगळवादाचे मंदिर म्हणून हिणवणाऱ्यांनी या फेऱ्यांचे उत्तर दिले पाहिजे. मात्र ही सोय मालकाच्या मर्जीवर आहे, हक्काची नाही, हेही लक्षात असू द्यावे. 1999 साली हाजीअलीजवळ क्रॉसरोड्स हा मॉल उघडला तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावे लागे, नाहीतर 60 रुपये भरावे लागत. ती अट पुढे टिकली नाही. पण अट घालणाराही मालकच होता आणि काढणाराही मालकच.

आता जमिनीकडे वळतो. 18 जानेवारी 1982 रोजी कामगार नेते दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले, तेव्हा मध्य मुंबईत गिरण्यांच्या ताब्यात सुमारे 600 एकर जमीन होती. त्या जमिनीवर कापड काढण्यापेक्षा ती जमीनच काढून विकणे फायद्याचे आहे, हे संपाआधीच काही मालकांच्या ध्यानात आले होते आणि संपानंतर सर्वांच्याच आले. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58 क्रमांकाच्या नियमाने एक तोडगा काढला. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे: एक महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, एक म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, परवडणाऱ्या घरांसाठी, एक मालकाला. 1996 साली वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने तर गिरण्यांच्या जमिनींचा सुटासुटा नव्हे, एकत्र विचार करावा असे सुचवले. मग 2001 साली नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन धरायची नाही, असे ठरले. ज्याने गिरणीचे आवार एकदा तरी पाहिले आहे त्याला ठाऊक असते की तिथे मोकळी म्हणावी अशी जागा म्हणजे कोळशाचा ढिगारा टाकायचा कोपरा आणि पाण्याचा तलाव. बाकी सगळी शेडे. उच्च न्यायालयाने 2005 साली पाडकामानंतर मोकळी होणारी जमीनही वाटणीत धरावी असा निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2006 साली तो फिरवून दुरुस्ती वैध ठरवली, आणि तीन वाट्यांचे गणित एका शब्दाच्या व्याख्येत विरघळून गेले. लोअर परळला फिनिक्स गिरणीच्या जागी झालेल्या मॉलच्या आवारात गिरणीची जुनी चिमणी आजही राखलेली आहे. लोक तिच्याखाली छायाचित्रे काढतात. दुसरीकडे म्हाडाने गिरणी कामगारांसाठी 2012 साली पहिली सोडत काढली ती 6,925 घरांची, आणि घरासाठी अर्ज होते दीड लाखाच्या आसपास. मॉलने कोणाचा बाजार मारला, हा प्रश्न परळमध्ये विचारणे व्यर्थ आहे. मॉलच्या जागी काय होऊ शकले असते, हा तिथला प्रश्न आहे, आणि जे झालेच नाही त्याची बाजू मांडायला सभेत कोणी येत नाही.

यावर उत्तर असे येते की गिरण्या तर बंदच पडणार होत्या. त्यांच्या जागी मॉलने रोजगार तरी आणला. आणला, हे खरे. पण तो पाहायचा असेल तर मॉलच्या मागच्या दाराशी जावे. पूर्व उपनगरातल्या एका मॉलच्या मागच्या गल्लीत, जिथे मालाचे टेम्पो लागतात आणि कचऱ्याचे डबे असतात, एक मावशी दुपारी बारापासून पोहे, डाळभात आणि अंडाभुर्जी विकतात. दीडच्या सुमारास लोखंडी दारातून एकेक करून मुली बाहेर येतात. ओठांना आतल्या दुकानाने ठरवून दिलेला रंग, काळा गणवेश, आणि पायांत मात्र रबरी सपाता, कारण सकाळपासून उभे राहिल्याने बुटांत पाय मावत नाहीत. वर फूड कोर्टमध्ये एका थाळीची किंमत त्यांच्या दिवसभराच्या मजुरीचा मोठा लचका तोडते, म्हणून त्या इथे खातात. सुरक्षारक्षक आणि सफाईवाले आधीच जेवून गेलेले असतात. यातले बरेच जण दुकानाचे नसून कुठल्यातरी ठेकेदाराचे कामगार असतात आणि अकरा महिन्यांनी ठेकेदार बदलतो. बदलापूरला राहणाऱ्या एकीने मला सांगितले की शेवटची बरी गाडी चुकू नये म्हणून ती रात्री हिशेब लागायच्या आत गणवेशावरच धावत सुटते. दुकानातल्या कामगाराला बसायला मिळण्याचा हक्क केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली कायद्यात घातला. यावरून बसणे ही मागायची गोष्ट झाली आहे हे तरी कळते. आणि या सगळ्यांना जेवू घालणाऱ्या मावशी? फेरीवाल्यांच्या 2014 च्या कायद्यानुसार प्रभागाच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत फेरीवाल्यांना सामावून घ्यायचे आहे, पण मावशींकडे परवाना नाही, आणि पालिकेची गाडी आली की त्यांचा स्टोव्ह आणि पातेली गाडीत जातात. त्या दिवशी मॉलचे दोनशे कामगार वडापाववर राहतात. मॉलची अर्थव्यवस्था ज्या खांबावर उभी आहे तो खांब अनधिकृत ठरवून रोज उचलून नेला जातो, याची नोंद कोणत्या प्रकल्प अहवालात असते?

महापालिकेच्या तिजोरीत भर पडेल, या आशेचीही एकदा झडती घ्यायला हवी. 30 जून 2017 पर्यंत ती काही अंशी खरी होती. मुलुंड, दहिसर, वाशीच्या नाक्यांवर ट्रकांच्या रांगा लागत आणि शहरात आलेल्या मालावर पालिका जकात घेई. वर्षाला सुमारे 7,000 कोटी रुपये. शहरात विक्री वाढली की माल जास्त येई, माल जास्त आला की पालिकेला जास्त मिळे. वस्तू आणि सेवा कर आल्यावर जकात गेली. आता मॉलमध्ये विकलेल्या शर्टावरचा कर केंद्र आणि राज्य निम्मा निम्मा वाटून घेतात, आणि पालिकेला राज्याकडून नुकसानभरपाई मिळते ती दरवर्षी ठरावीक 8 टक्क्यांनी वाढणारी. त्या मॉलमध्ये दिवाळीला झुंबड उडाली काय किंवा माश्या मारायची वेळ आली काय, पालिकेच्या वाट्यात त्यामुळे फरक पडत नाही. पालिकेला मिळतो मालमत्ता कर, जो विक्रीवर नव्हे, वास्तूच्या भांडवली मूल्यावर आकारला जातो, आणि त्याहून ठळकपणे मिळते ते बांधकामाच्या परवानगीपोटी एकदाच भरले जाणारे अधिमूल्य (प्रीमियम) आणि विकास शुल्क. याचा परिणाम असा, की मॉल चांगला चालण्यापेक्षा मॉल बांधला जाण्यात पालिकेचे अधिक हित गुंतलेले असते. रस्ता, पाणी, मलनिस्सारण आणि वाहतूककोंडी मात्र पुढची चाळीस वर्षे तिलाच सांभाळायची असते. मी हे पालिकेवर ठपका ठेवण्यासाठी म्हणत नाही. ज्याला फक्त वाङ्निश्चयाचे मानपान मिळते त्याने संसाराची काळजी का करावी?

आणि संसार मोडतो तेव्हा तो किती वाईट मोडतो, हे भांडुपकरांनी पाहिले आहे. मॉलचे ढोबळ दोन प्रकार असतात. एकात सगळी वास्तू एका मालकाकडे राहते आणि तो गाळे भाड्याने देतो, विक्रीत वाटा घेतो, कोणते दुकान कुठे असावे हे ठरवतो. त्याचे हित मॉल चालण्यात असते. दुसऱ्यात विकासक गाळे सुटे सुटे विकून पैसे मोकळे करतो आणि निघून जातो. मागे राहतात शेकडो छोटे गाळेधारक, ज्यांतल्या अनेकांनी निवृत्तीचे पैसे घातलेले असतात, आणि जिने, लिफ्ट, अग्निशमन यंत्रणा यांची जबाबदारी कोणाचीच नसते. भांडुपचा ड्रीम्स मॉल या दुसऱ्या प्रकारातला. 25 मार्च 2021 च्या रात्री तिथे आग लागली आणि वरच्या मजल्यावरच्या कोविड रुग्णालयातले रुग्ण दगावले. इतकी मोठी वास्तू मरते तेव्हा ती एकटी मरत नाही. तिच्या भोवतीचा रस्ता, रिक्षाथांबा, अंधारे तळघर सगळेच तिच्याबरोबर सडू लागते. बाजारपेठेतले एक दुकान बंद पडले तर शेजारी दुसरे उघडते, पण पाच मजली मॉलच्या शेजारी काय उघडणार?

याला पर्याय म्हणून मंडईचे गोडवे गायची आपल्याकडे पद्धत आहे, आणि मला तीही अर्धवट वाटते. आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, म्हणजे तेव्हाची क्रॉफर्ड मार्केट, 1869 साली पुरी झाली तेव्हा ती आजच्या मॉलइतकीच दिमाखदार आणि वादग्रस्त होती. तेव्हाचे पालिका आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांच्या खर्चीक कारभारावर करदाते खवळले आणि 1871 साली त्यांना आयुक्तपद सोडावे लागले. पण इमारत शहराच्या मालकीची राहिली, गाळ्यांचे भाडे शहराच्या तिजोरीत जात राहिले, आणि दीडशे वर्षांनंतरही तिचे काय करायचे हे ठरवायचा अधिकार निदान कागदावर तरी नागरिकांचा आहे. पालिकेने मात्र आपल्या मंडया कशा सांभाळल्या? ओल्या फरश्या, बंद पंखे, नाममात्र भाडे, एकाच्या नावावरचा गाळा दुसराच चालवतोय, आणि अखेरीस पुनर्विकासासाठी बिल्डरची वाट पाहणे. मॉलला शिव्या देणाऱ्यांनी आधी आपल्या वॉर्डातल्या मंडईच्या मुतारीत जाऊन यावे. नायगावच्या कामगारांनी 1948 साली अपना बाजार हे सहकारी दुकान उभे केले, 1975 पासून मुंबई ग्राहक पंचायतीच्या संघांतून शेजारशेजारची कुटुंबे महिन्याचे सामान एकत्र घेऊ लागली. म्हणजे दुकानाची मालकी आणि दुकानाचे स्थान यांवर वेगळा विचार करण्याची अक्कल या शहराला कधीच कमी नव्हती. ती आपण बाजूला ठेवली आणि आता मॉल हवा की नको, एवढ्याच प्रश्नावर हात वर करतो आहोत.

माझा हात कुठे गेला, असे कोणी विचारेल. मी विरोधात मत दिले नाही. कारखाना बंद होऊन बरीच वर्षे झाली, तिथे परत यंत्रे धडधडणार नाहीत हे मला कळते, आणि माझ्या मावशीच्या फेऱ्या मी विसरलेलो नाही. मी एवढेच लिहून दिले की गाळे सुटे विकायचे नाहीत ही अट परवान्यात हवी. कारखान्याच्या जमिनीच्या वापरबदलापोटी शहराला मिळणारा हिस्सा एकरकमी अधिमूल्यात न संपवता भाड्यातल्या ठरावीक वाट्याच्या रूपाने कायम मिळावा. स्वच्छतागृहे आणि तळमजल्यावरची बाके खरेदीच्या अटीविना खुली राहावीत. आणि मागच्या गल्लीत परवानाधारक खाद्यविक्रेत्यांसाठी जागा आराखड्यातच आखावी. पहिली अट ऐकून गाळ्यात पैसे घालायच्या तयारीत असलेले दोन शेजारी माझ्याशी बोलेनासे झाले आहेत. व्यापारी संघाच्या लोकांना शेवटची अट मान्य नव्हती. मॉलपेक्षा त्यांना फेरीवाल्यांचाच राग जास्त आहे, हे मला त्या दिवशी कळले.

पुढच्या सभेत विकासकाच्या माणसाने आराखड्याची भलीमोठी शीट टेबलावर पसरली. पुढच्या दारापाशी झाडे, कारंजे आणि हातात पिशव्या घेतलेली माणसे रंगवली होती. मागची बाजू कोणती, असे मी विचारले. त्याने कागदावर बोट फिरवत नेले आणि 'सर्व्हिस एंट्री' असे लिहिलेल्या एका करड्या चौकोनावर ते थांबवले. त्याच्या बाहेरची गल्ली, जिथे आज रिक्षावाले चहाला थांबतात, कागदाच्या कडेला कापली गेली होती.